आपोआप थांबलेली बस

डेपोत त्यांना सगळे सावकाशराव म्हणत. कुणी घाईघाईने काही सांगायला आलं की ते आधी ‘सावकाश’ म्हणायचे आणि मग ऐकायचे, त्यावरून हे नाव पडलं. पुढे ते इतकं चिकटलं की नव्याने लागलेल्या माणसांना तेच त्यांचं आडनाव वाटायचं.

अर्धं आयुष्य त्यांनी डिझेलच्या बसवर काढलं. अंगाने बेताचे, पण क्लच दाबून दाबून डावा पाय उजव्यापेक्षा जाड झालेला. त्यांची बायको घराच्या पुढच्या खोलीत शिलाईचं काम करायची. नवऱ्याची पँट शिवताना ती दोन्ही पायांची मापं वेगळी घ्यायची आणि ‘दोन माणसांची पँट शिवतेय’ असं गिऱ्हाइकांना सांगायची.

विजेच्या बस आल्या तेव्हा डेपोत बरीच बोलाबोली झाली. कुणी म्हणालं हे खेळणं आहे, कुणी म्हणालं पाऊस पडला की शॉक बसेल. सावकाशराव प्रशिक्षणाला गेले, पुढच्या बाकावर बसले आणि शिकून आले. क्लच नाही, गियर नाही. पाय उचलला की गाडी आपली आपण मंदावते आणि त्यातून वीज परत बॅटरीत जाते. ब्रेक फक्त शेवटी टेकवायचा. सुरुवातीला त्यांचा डावा पाय रिकाम्या जागी दाबला जायचा. काही आठवड्यांनी तो गप्प पडून राहायला शिकला.

त्रास कशाचा झालाच तर शांततेचा. आधी गाडी चालू आहे की बंद हे बुडाखालून कळायचं, आता पडद्यावर बघावं लागायचं. त्यांच्या बरोबरीचा फिटर, ज्याने इतकी वर्षं त्यांच्या गाडीचं इंजिन सांभाळलं, तो आता चार्जिंगच्या केबली लावायचा आणि काढायचा. सुट्टी झाली की तो सवयीने हात साबणाने खसाखसा धुवायचा. हाताला काहीच लागलेलं नसायचं. दोघे चहा पीत बसायचे, तेव्हा या विषयावर बोलायचे नाहीत.

मग नदीकाठच्या रस्त्यावर, रेल्वे स्टेशनापासून मोठ्या इस्पितळापर्यंत, स्वतः चालणारी बस सुरू झाली. कायद्याने चालकाच्या जागी एक माणूस लागत होता. त्याने हात मांडीवर ठेवून बसायचं, नजर रस्त्यावर ठेवायची, आणि गाडीला काही जमलं नाही तरच स्टिअरिंग हातात घ्यायचं. डेपोच्या मॅनेजर बाईंनी सावकाशरावांना निवडलं, कारण त्यांच्या हातून आजवर साधा खरचटण्याचाही अपघात झाला नव्हता. आरामाचं काम आहे, तुम्हाला शोभेल, असं त्या म्हणाल्या. बाकीचे चालक थोडे जळलेसुद्धा.

पहिल्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं की स्टिअरिंग समोर आपोआप फिरतं, एखाद्या न दिसणाऱ्या माणसाच्या मांडीवर बसल्यासारखं वाटतं. बायको खूप हसली. आपण हसण्यासारखं काय बोललो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर सांगण्यासारखं काही उरलं नाही. बस थांब्यावर बरोबर खुणेवर थांबायची, दारं उघडायची, मिटायची. सायकलवाला आडवा आला तर ती त्यांच्या आधी हळू व्हायची. सावकाशराव बघत बसायचे. बायको विचारायची, आज काय झालं? ते म्हणायचे, काही नाही. ते खोटं नव्हतं. सोमवारचं त्यांना मंगळवारी आठवत नसे, कारण त्यात धरून ठेवायला काही नसायचं. एकदा भाजीत मीठ घालायला ती विसरली. त्यांनी पानातलं सगळं संपवलं. नंतर ती जेवायला बसली तेव्हा तिला कळलं.

“अहो, तुम्हाला कळलं नाही?”

“कळलं असेल,” ते म्हणाले.

त्या उत्तराने ती घाबरली आणि त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. रक्तदाब ठीक, डोळे ठीक, साखर ठीक. डॉक्टर म्हणाले, या वयात इतकी चांगली तब्येत कुणाची नसते. आरामाचं काम मानवलंय.

त्याच सुमारास ती घटना घडली. सकाळची गर्दीची वेळ होती. इस्पितळाच्या अलीकडे, औषधांच्या दुकानांसमोर, सामान उतरवणाऱ्या दोन टेम्पोंच्या मधून एक म्हातारे गृहस्थ सरळ रस्त्यावर आले. बस जागच्या जागी थांबली. उभे असलेले लोक एकमेकांवर आदळले. सावकाशरावांचा पाय ब्रेकवर गेला, दाबला गेला, पण तोवर थांबवायला काही उरलंच नव्हतं. हे दुसऱ्या कुणाला दिसलं नाही. त्यांना मात्र तळपायात कळलं.

ते खाली उतरले. म्हातारे गृहस्थ रस्त्यावर बसले होते, लागलं काहीच नव्हतं, नुसते घाबरले होते. त्यांची छत्री बसच्या पुढच्या चाकाखाली गेली होती. सावकाशरावांनी काखेत हात घालून त्यांना उठवलं. म्हाताऱ्यांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि ‘तुम्ही वाचवलंत मला’ असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सावकाशराव छत्रीकडे बघत होते. तिच्या दोन काड्या बदलाव्या लागतील, एवढंच त्यांच्या मनात आलं.

दुपारी मॅनेजर बाईंनी त्यांना बोलावून बसमधल्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. एका चौकटीत रस्ता, दुसरीत त्यांचा चेहरा. रस्त्यावर माणूस आला, बस थांबली, लोक ओरडले. चेहऱ्यावर आधी जे होतं तेच नंतरही होतं. भुवईसुद्धा हलली नव्हती.

“बघा किती शांत आहात,” बाई कौतुकाने म्हणाल्या. “नवीन लोकांना दाखवणार आहे मी हे.”

सावकाशरावांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, ठीक आहे, आणि उरलेल्या फेऱ्या करायला गेले. बायकोला त्यांनी संध्याकाळी एवढंच सांगितलं की एक जण बसखाली येता येता वाचला. तिने हातातली कात्री खाली ठेवली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

इथवर सगळं निभावलं असतं. पण ते आजोबा पुढच्या आठवड्यापासून त्याच बसने येऊ लागले. त्यांची बहीण इस्पितळात होती, तिला भेटायला ते रोज जायचे. पूर्वी त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. ‘जन्मभर लोकांना दिसावं म्हणून धडपडलो आणि मला बस दिसली नाही,’ असं ते ज्याला त्याला सांगायचे आणि स्वतःच हसायचे. बसमध्ये चढले की आधी चालकाच्या केबिनपाशी यायचे, काचेवर टकटक करायचे आणि आजूबाजूच्यांना सांगायचे की या माणसाने मला जीवदान दिलं. मग लोक वळून बघायचे. कुणी हसायचं, कुणी मान डोलवायचं. सावकाशराव हात मांडीवर ठेवून बसलेले असायचे.

पहिल्यांदा त्यांनी नुसती मान हलवली. आभार मानले की माणसाला बरं वाटतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वाट पाहिली, पण तसं काही झालं नाही. दुसऱ्याचा डबा चुकून आपल्या हातात आलाय आणि तो परत घ्यायला कुणी येत नाही, असं त्यांना रोज सकाळी वाटू लागलं. बस नदीच्या वळणावर आली की, आता पुढच्या थांब्यावर आजोबा असणार, एवढं एकच त्यांना दिवसभरात स्पष्ट जाणवायचं.

शेवटी एकदा इस्पितळाच्या थांब्यावर सगळे उतरून गेल्यावर त्यांनी आजोबांना थांबवलं.

“आजोबा, बस मी नाही थांबवली.”

“मग कुणी थांबवली?”

“तिची तीच थांबली. माझा पाय नंतर पोचला.”

आजोबांनी चष्मा पुसला, परत लावला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. “बरं,” ते म्हणाले. “मग आता मी काय करू? बसच्या पाठीवर थाप मारू?”

सावकाशरावांनी समोरच्या स्टिअरिंगकडे पाहिलं.

“मला आभार मानायला माणूस लागतो,” आजोबा म्हणाले. “तिथे तुम्ही बसला होतात. तेवढं पुरे आहे मला.” आणि ते काठी टेकत बहिणीला भेटायला निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा काचेवर टकटक केली.

त्याच दिवशी सावकाशराव मॅनेजर बाईंकडे गेले आणि बदली मागितली. टेकडीवरच्या वसाहतीकडे जाणाऱ्या बस अजून माणसं चालवत होती. रस्ता अरुंद, वळणं अवघड, गर्दी फार. तिकडे जायला कुणी तयार नसायचं. बाईंना वाटलं, त्यांचं कुणाशी भांडण झालंय. त्यांनी खोदून खोदून विचारलं. सावकाशराव म्हणाले, तक्रार काही नाही, गाडी उत्तम आहे.

“मग जाता कशाला?”

“रोज आभार मानतात तिथे,” ते म्हणाले.

बाईंना काही कळलं नाही. टेकडीवरही दोनेक वर्षांत तशाच बस येणार आहेत, हे त्यांनी सांगून पाहिलं. ते सावकाशरावांना माहीत होतं. बायकोला त्यांनी घरी सांगितलं तेव्हा तिने कारण विचारलं नाही. त्रास होईल, एवढं ती म्हणाली, आणि ते म्हणाले, होईल.

टेकडीवरच्या पहिल्या दिवशी त्यांना जड गेलं. हात आखडले होते. इतके दिवस मांडीवर पडून राहिल्याने खांद्यांना स्टिअरिंगचं वजन पेलवेना. दुसऱ्या चढावर, शाळेच्या वळणाशी, एक रिक्षा मध्येच उभी राहिली आणि त्यांनी ब्रेक जरा जास्तच जोरात दाबला. मागे पिशव्या पडल्या. एका बाईंच्या पिशवीतले टोमॅटो गडगडत पार पुढपर्यंत आले. त्या तशाच तोल सावरत केबिनपाशी आल्या.

“अहो, माणसं भरलीयेत की पोती? कसली ही चालवायची पद्धत?”

“चुकलं माझं,” सावकाशराव म्हणाले.

बाईंना एवढ्या लवकर कबुली अपेक्षित नसावी. त्या आणखी थोडं बोलल्या, मग वाकून टोमॅटो गोळा करू लागल्या. त्यांचं आवरून होईपर्यंत सावकाशरावांनी बस थांबवून धरली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. बरं वाटलं असंही नाही, वाईट वाटलं असंही नाही. पण कान गरम झाले होते. बाई जागेवर जाऊन बसल्या, तेव्हा त्यांनी आरशात पाहिलं, पाय ब्रेकवरून उचलला आणि बस चढाला लावली.