करवंदाची डहाळी

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. अंगात येणं, नजर लागणं, असलं काही माझ्यासमोर बोललात तर वाद घालायला मी एका पायावर तयार असते. अजूनही असते... फक्त हा एक दिवस सोडून.

२०१७ची नाताळची सुट्टी. उधव्याहून निघायचं, सायवनवरून डोंगरातल्या पाड्या-पाड्यांत मुक्काम करत जव्हार गाठायचं, असा सहा दिवसांचा बेत. तो आखला होता माझ्या नवऱ्याने, प्रकाशने. नकाशे त्याचे, बूट त्याने घेतलेले. आणि निघायच्या आदल्या दिवशी रेल्वेने त्याचीच रजा रद्द केली! "तुम्ही दोघी जा गं," म्हणाला, पण तोंड एवढंसं झालं होतं. मग मी आणि माझ्या शाळेतली वैशाली, अशा दोघीच निघालो.

नऊच्या सुमाराला पहिली खिंड लागली. तिथे शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड आणि शेजारी वाळक्या डहाळ्यांचा ढीग. खिंड ओलांडणाऱ्याने एक डहाळी टाकायची, हे वैशालीला माहीत होतं. आम्ही ऐनाच्या दोन टाकल्या. मग मला काय लहर आली... शेजारच्या करवंदीची एक काटेरी डहाळी मोडली आणि म्हटलं, "ही प्रकाशची. चिडलाय ना, म्हणून काट्यांची. लागली त्याची हजेरी!"

वर्गात प्रॉक्सी देणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करते. आणि त्या दिवशी मी स्वतःच दिली.

साडेअकराला एका पाड्यावर पाणी मागितलं. म्हातारीने तीन पेले भरून आणले.

"आम्ही दोघीच आहोत, आजी."

"नि तो निळ्या शर्टाचा? मोहाखाली बसलाय तो?"

वळून पाहिलं. मोहाखाली कुणीही नव्हतं. मी हसले, वैशाली नाही हसली.

पुढच्या पाड्यावर एक म्हातारा झोपडीचा कूड बांधत होता. आम्हाला बघून हात थांबवला आणि आमच्या मागे पाहतच राहिला.

"बाई, तुमचा मानूस मागं राहला. लंगडतो तो. जरा थांबा की त्याच्यासाठी."

आता मात्र मला रागच आला. कुणीतरी चेष्टा करतंय, दुसरं काय? तेवढ्यात फोनला जेमतेम रेंज आली आणि तो लगेच वाजला. डहाणूतल्या आमच्या मसोलीहून माझा दीर बोलत होता.

"वहिनी, सकाळपासून लावतोय फोन! दादा नाइट करून आला, नऊ वाजता आडवा झाला, तो उठतच नाहीये. हॉस्पिटलमध्ये आणलाय. बीपी, शुगर सगळं नॉर्मल आहे. डॉक्टरांना काही कळत नाही..."

"अंगात शर्ट कुठला आहे?" माझ्या तोंडून हेच निघालं.

"निळा. का?"

फोन कट झाला. वैशालीनेच म्हाताऱ्याला सगळं सांगितलं, डहाळीचंही. तो माझ्यावर खेकसलाच.

"जो चालंल त्यानं टाकायची! घरी निजलेल्याची कशाला टाकली? जा, तुझ्या हातानं उचल. त्याच्या घराकडं तोंड करून फेक."

मी वाद घातला नाही. सॅक तिथेच वैशालीजवळ टाकली आणि धावत सुटले. उतरताना दोनदा पडले. रडत होते, स्वतःला शिव्या देत होते आणि सारखी मागे वळून म्हणत होते, "चल रे, चल लवकर." कुणाला म्हणत होते, ते मला विचारू नका.

खिंडीत पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. ऐनाच्या डहाळ्या मलूल पडल्या होत्या. करवंदीची तशीच, ताजी. ती उचलून डहाणूच्या दिशेने होता नव्हता तेवढा जोर लावून भिरकावली. घड्याळात सव्वाचार.

रस्त्यावर येऊन फोन लावला. दीर ओरडलाच, "वहिनी, उठला! सव्वाचारला उठून पाणी मागितलं!"

रात्री हॉस्पिटलमध्ये मला पाहून प्रकाशने आधी रुसून तोंड फिरवलं. मग म्हणाला, "एक हाक तर मारायचीस. मी मागेच होतो." त्याच्या उजव्या तळपायावर पट्टी होती. नर्सने त्यातून काटा काढला होता. दिवसभर पलंगावर असलेल्या माणसाच्या पायात काटा कसा गेला, हे मात्र तिलाही सांगता येईना.

डॉक्टर म्हणाले, अतिथकवा. असेल. काट्याचं आणि निळ्या शर्टाचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. प्रकाश आता ठणठणीत आहे, त्याला त्यातलं काही आठवतही नाही.

मी अजून रोज हजेरी घेते. पण "बाई, तो येतोय, मागेच आहे," असं एखादं पोर म्हणालं की पेन खाली ठेवते... आणि उठून दाराबाहेर बघून येते.