धाराशिवचा आठपायी

चार माणसं रोज एकाच दुकानापुढं बसली की किस्से साठणारच. कुणी मुद्दाम जमवत नाही, पण टाकवतही नाहीत! आमची बैठक रहीमचाचांच्या दुकानी असायची. चाचा पत्र्याचे कंदील, डबे, नरसाळी बनवायचे. शेजारी शिवाप्पाची ज्वारीची अडत. तो लिंगायत, कर्नाटकाच्या सीमेकडचा, घरात कानडी बोलणारा. मी पाट्या रंगवायचो. निजामाचं राज्य, त्यामुळं एक ओळ उर्दूत, एक मराठीत. आणि चौथा सर्जेराव. मोठ्या लढाईत तो इंग्रजांच्या जहाजावर खलाशी होता. समुद्र पाहिलेला आमच्यातला तो एकटाच. त्यामुळं त्याच्यावर विश्वास कुणाचाच नव्हता!

•

ऑक्टोपसचं नाव आम्ही पहिल्यांदा त्याच्याच तोंडून ऐकलं.

"आठ पाय, जहाजाला इळखा घालतील एवढं. अंगात हाड एक न्हाय," सर्जेराव म्हणाला.

"हाड न्हाय? मग उभं कसं ऱ्हातंय?" शिवाप्पानं विचारलं.

"उभं ऱ्हातच न्हाय. एकदा धरलं की सोडत न्हाय, नुसतं चिकटून ऱ्हातंय."

शिवाप्पानं जरा विचार केला. "म्हंजी आमचा मेव्हणाच की!"

त्या दिवसापासून त्या प्राण्याचं नाव 'आठपायी' पडलं. आणि मेव्हण्याचंही!

•

कचेरीच्या भिंतीवर लढाईच्या वेळचं एक चित्र तसंच राहिलं होतं. दुनियेच्या नकाशावर भला मोठा ऑक्टोपस बसलेला, एकेका देशावर एकेक पाय. दुश्मन कसा हातपाय पसरतोय, हे लोकांना कळावं म्हणून लावलेलं. सर्जेराव आम्हाला ते दाखवायला घेऊन गेला. निदान प्राणी खरा आहे, एवढं तरी पटावं!

शिवाप्पा नाकाला नाक लावून बघत राहिला. "ह्यात आपलं धाराशिव कुठं?"

सर्जेरावनं बोट ठेवलं. "हितं. हितपतूर त्याचा पाय आलाच न्हाय."

"आला न्हाय? मग लढाईत आमचं रॉकेल कुणी पिलं?"

•

पुढं सर्जेराव मुंबईला गेला आणि ओळखीच्या कोळ्याकडून एक लहानसा आठपायी आणला, काचेच्या बरणीत, स्पिरिटमध्ये बुडवलेला. बार्शीकडून येताना निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचा नाका लागायचा. बाहेरून येणाऱ्या मालावर तिथं जकात भरायची. नाक्यावरच्या कारकुनानं बरणी उचलली.

"ये क्या है जी?"

"मासा."

"मछली कू इत्ते पाँव?" बिचारा गोंधळला. जनावर म्हणावं, मासा म्हणावं की औषध? शेवटी त्यानं विचारलं, "जिंदा है या मुर्दा?"

"कवाच मेला, साहेब."

कारकुनानं बरणी अदबीनं खाली ठेवली. "मय्यत पे महसूल नक्को. ले जाओ, अच्छे से दफनाओ."

महिन्याभरानं सर्जेराव पुन्हा त्या नाक्यावरून गेला, तर कारकुनानं आठवणीनं विचारलं, "मय्यत की मिट्टी हुई क्या?"

सर्जेराव म्हणाला, "कुठली, साहेब! अजून बघायला लोक यायलेत!"

•

बरणीतला जीव मुठीएवढा. तो बघून लोक जास्तच हसायला लागले. "ह्यो जहाजाला काय करणार?" सर्जेरावचं तोंड उतरलं. ते चाचांना बघवलं नाही. "कित्ता बड्डा था? हात से दिखा," ते म्हणाले, "मैं बनाता."

आणि बनवला! पत्र्याची कडी एकात एक ओवून वळणारे पाय केले, आतून सायकलच्या ब्रेकच्या तारा घातल्या. तार ओढली की पाय वळायचा. रंग मी दिला. पहिल्या परीक्षेला शिवाप्पा हौसेनं पुढं उभा राहिला. पायानं त्याच्या पोटाला झकास विळखा घातला, आणि तार अडकली.

शिवाप्पा घाबरला की मराठी विसरायचा. "बिडी! बिडी!" तो ओरडायला लागला. कानडीत त्याचा अर्थ 'सोडा, सोडा'. चाचांना कानडीचं अक्षर येत नव्हतं. ते धावत आत गेले, एक बिडी आणली, शिवाप्पाच्या तोंडात दिली आणि मायेनं पेटवलीसुद्धा!

•

आठपायी झाल्यावर चाचांना चेव आला. सर्जेराव सांगायचा, माकूल नावाचा त्याचा एक भाऊबंद आहे. संकट आलं की काळी शाई सोडतो आणि तिच्याआड पळून जातो. लढाईत जहाजंही तेच करायची, काळा धूर सोडून त्यामागं लपायची. चाचांनी पत्र्याचा माकूल केला, मागं रबरी फुगा बसवला, आत माझा पाटीचा काळा रंग भरला.

तेवढ्यात पोलिसांचा जमादार दारात! निजामाविरुद्ध चळवळ चालू होती, दिवस वाईट होते, कुणाला कशावरून उचलतील नेम नव्हता. बाजारात कुणा 'आठपायी'ची चर्चा चालते, हे त्याच्या कानावर गेलं होतं.

"ये आठपायी कौन है? कौनसी पार्टी का है?"

चाचांचा हात भीतीनं घट्ट मिटला. त्या हातात फुगा होता!

जमादार टोपीपासून कमरेपर्यंत काळा. सर्जेरावनं घाईघाईनं आठपायी दाखवला, माकूल दाखवला, जहाज धुरात कसं लपतं तेही सांगितलं. जमादारानं सगळं ऐकून घेतलं, मिशी पुसली आणि म्हणाला, "तुम्हारा जहाज तो बच्या रे, मेरी वर्दी डुबी!" आणि स्वतःच इतका हसला की चाचांना त्याला पाणी द्यावं लागलं.

•

मग आम्ही आठपायी बैलगाडीत घालून सोनारीला नेला, काळभैरवाच्या जत्रेत. मागं पडदा बांधला. पडद्याआड तारा धरून चाचा बसले, पुढं सर्जेराव माहिती सांगायला. गर्दी झाली, हशा झाला, लोक पांगले. एक म्हातारी मात्र हलेना. ईट गावची होती.

"तुमी दर्यावर हुता न्हवं?"

"व्हय, मावशी."

"माझा ल्योक बी जहाजावर हुता. जहाज बुडालं, एवढाच सांगावा आला. म्होरलं कुणी काय सांगितलं न्हाय." तिनं आठपायीकडं बघितलं. "ह्यानं खाल्लं का त्याला?"

सर्जेराव तिच्यापुढं उकिडवा बसला. "न्हाय, मावशी. ह्यो माणसं खात न्हाय. खेकडं खातो."

"खरं सांगताव?"

"देवाच्या दारात बसलोय म्या. खोटं कशाला बोलू?"

म्हातारीनं श्वास सोडला. "मग करतंय काय त्ये, एवढ्या पाण्यात?"

"ही मादी हाय असं धरा. कपारीत अंडी घालती अन् राखत बसती. पिलं फुटूस्तवर जागची हलत न्हाय. त्या दिसांत काय खात बी न्हाय. कोळ्यांनी दाखवलं हुतं मला."

"अन् पिलं फुटल्यावर?"

"पिलं पाण्यासंगं लांब जात्यात."

"अन् ती?"

"ती तितंच ऱ्हाती, मावशी. उपाशीच."

म्हातारी खाली बसली. कमरेचं फडकं सोडलं, त्यातली भाकरी काढली, अर्धी मोडली आणि पत्र्याच्या तोंडापुढं ठेवली.

"खा गं, बाई," ती म्हणाली.

पडद्याआड तार हलली. एक पाय हळूहळू उलगडत पुढं आला आणि भाकरीशेजारी, तिच्या हाताला टेकून थांबला.