कानात सांगायचा शब्द

आधी आपांचं सांगतो, मग माझं. अमडापूरच्या बाजारात, खताच्या दुकानाला लागून, आपांचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं सेंटर होतं, अजूनही आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि भिंतीला टेकवलेला लाकडी बाक. आपा माझ्या नात्यातल्या नाहीत. त्यांचं घर मशिदीच्या गल्लीत, आमचं बुद्धविहाराच्या मागं. पण आज पुण्यात बसून मी कॉम्प्युटर सुरक्षेत एम.एस्सी. करणार आहे, हे धाडस त्यांचं आहे. माझं त्यातलं थोडंच.

शाळा मी नववीनंतर सोडली. म्हणजे ठरवून सोडली असंही नाही. बीटी कपाशी आली तेव्हा दुकानदार सांगायचे, आता बोंडअळी विसरा. काही वर्षं लोक विसरलेही. मग गुलाबी अळी आली. वरून बोंड चांगलं दिसायचं, फोडलं की आत किडकं. फवारण्या वाढल्या. एकदा वारं फिरलं आणि बाबांच्या डोळ्यांत औषध गेलं. तेव्हापासून त्यांना धूसर दिसायला लागलं. पाठीवरचा पंप मी घेतला. शाळेत जा असं कोणी म्हणालं नाही, जाऊ नको असंही कोणी म्हणालं नाही. शाळा सुरू झाली तेव्हा मी वावरात होतो, एवढंच.

त्याच हंगामात पीकविम्याचे फॉर्म ऑनलाइन झाले. बाबांना घेऊन मी आपांच्या सेंटरवर गेलो. रांग रस्त्यापर्यंत आली होती. प्रत्येकाचं खातं उघडायचं, त्याला पासवर्ड द्यायचा. पहिल्या माणसाला काही सुचेना, त्यानं आपण पेरलेल्या सरकीच्या वाणाचं नाव मोठ्यानं सांगितलं. मागचा म्हणाला, माझंही तेच टाका, मी पण तेच पेरलं. तिसराही तेच म्हणाला. गावात एकाचं चांगलं पिकलं की पुढच्या वर्षी सगळे तेच बियाणं उचलत, त्याच सवयीनं रांग पुढं सरकत होती.

आपांनी हात थांबवला. "एक अळी आली तं साऱ्याइच्या वावरात गेली ना, भाऊ?" त्या म्हणाल्या. "मंग कुलूप काऊन एकच लावून राह्यले?"

 मग आपांनी एक रीत लावली. ज्याला टाइप करता येतं त्यानं स्वतः करायचं; तेवढा वेळ आपा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून बसायच्या. ज्याला येत नाही त्यानं वाकून त्यांच्या कानात सांगायचं, आणि असा शब्द सांगायचा जो आजवर कोणालाच सांगितला नाही.

एक म्हातारा बोललाच, "घरच्या बाईले नाई सांगितलं ते तुम्हाले सांगू का, आपा?"

"सांगा ना, बाबाजी. इकडं टाइप केलं का तिकडं मी विसरून जातो."

सगळे हसले. पण ज्याची पाळी येई, तो गंभीर होई. कोणालाच न सांगितलेला शब्द शोधायला माणसाला वेळ लागतो. बाबा तर बाकावरच बसून राहिले, मागच्या दोघांना पुढं जाऊ दिलं. मग उठले, वाकले आणि काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. आपांची बोटं मात्र क्षणभर थांबलेली मी पाहिली.

फॉर्म झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, तू या वेळेला शाळेत काऊन नाही? मी पाठीवरच्या पंपाचं सांगितलं.  तेव्हा त्यांनी सतरा नंबरच्या फॉर्मचं सांगितलं. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसता येतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. फॉर्म त्यांनीच भरला. शाळेत एकट्यानं जायची मला लाज वाटत होती, म्हणून सेंटरला कुलूप लावून सोबत आल्या. बारावीही तशीच केली, आणि पुढं मुक्त विद्यापीठाची पदवी. गिऱ्हाईक नसलं की दुपारी त्या मला कॉम्प्युटरवर बसू द्यायच्या, स्वतः बाकावर बसून भाजी निवडायच्या.

पुण्यात आता एका कंपनीच्या सर्व्हर खोलीत वायरिंग आणि देखरेखीचं काम करतो. आल्या आल्या मी ‘मले’ म्हणालो की कामावरची पोरं हसायची. वाईट मनानं नाही, पण हसायची. मग मी ‘मला’ शिकलो, आणि एकूणच कमी बोलायला लागलो. खोलीवरची दोघं साताऱ्याकडची. शनिवारी घरी जातात, सोमवारी डबे घेऊन येतात. माझं गाव तसं जवळ नाही. रविवारी दुपारी खोलीत पंख्याचा तेवढा आवाज असतो. मग आपांना फोन लावतो.

एम.एस्सी.च्या अर्जाला एक पान लिहून द्यायचं होतं: हाच विषय का? मी इंटरनेटवरून चांगली चांगली वाक्यं जमवली आणि आपांना पाठवली. अर्ध्या तासात फोन आला.

"बेटा, हे कोणं लिहिलं? तुह्यं तं याच्यात कोणीच नाही."

मी म्हणालो, सतरा नंबरवाल्याला कोण घेतं, आपा; निदान भाषा तरी चांगली दिसू द्या. त्या म्हणाल्या, ते तुले घेतील का नाही हे त्यांना ठरवू दे, तू काऊन आधीच ठरवून राह्यला? त्या रविवारी मी पान पुन्हा लिहिलं. त्यात रांग लिहिली, सरकीचं नाव लिहिलं, कॅलेंडरकडे वळलेलं तोंड लिहिलं, ‘विसरून जातो’ म्हणणाऱ्या आपा लिहिल्या.

मुलाखत घ्यायला तिघं होती. शाळेचं काय झालं, असं विचारलं तेव्हा मी अळीपासून सुरुवात केली. सांगता सांगता कधी ‘मले’वर आलो, कळलंच नाही. कोणी हसलं नाही. शेवटी एका बाईंनी शांतपणे विचारलं, "आणि त्या आपा विसरल्या नसत्या तर?"

 आपांवर कोणी शंका घेतल्यासारखं वाटलं, आणि प्रश्न बरोबर आहे हेही कळत होतं. मी म्हणालो, माहीत नाही, तेच शिकायचं आहे. परत येताना बसमध्ये वाटत राहिलं, गेलं, संपलं. आणि वर आपांना चारचौघांत उघडं पाडून आलो.

यादीत नाव आलं. सगळ्यात आधी आपांना सांगितलं. बाबांना सांगितलं का, जेवला का, हे त्यांनी विचारून घेतलं. मग मी त्या बाईंचा प्रश्न सांगितला.  मागं प्रिंटर चालू होता.

"खरं विचारलं बाईनं," आपा म्हणाल्या. "विसरतो म्हणतो मी साऱ्याइले. विसरणं होत नाही, बेटा. त्याइच्या पोरीइचे लग्न झाले, कोणी गेले, तरी तो शब्द ध्यानात राह्यते. कोणाजवळ बोलू?"

बाबांचा शब्द मी तेव्हाही विचारला नाही. मला इतकी वर्षं वाटत होतं, एकटा मी आहे.

आपा, तुम्ही साऱ्या गावाचे फॉर्म भरले. तुमचं स्वतःचं बी.ए. लग्नामुळं दुसऱ्या वर्षालाच सुटलं, तो फॉर्म तेवढा राहिला. आधी मी नीट शिकतो. वावरातून आलेल्या माणसाला आपला शब्द कोणाच्या कानात सांगायची वेळ येऊ नये, असं काही मला जमतं का ते पाहतो. मग एक दिवस अमडापूरला येईन. खुर्चीवर मी बसेन, बाकावर तुम्ही. तुमचा फॉर्म मी भरेन. पासवर्डची जागा आली की उठून खुर्ची तुम्हाला देईन आणि कॅलेंडरकडे तोंड करून उभा राहीन, तुमचं होईपर्यंत.