चौथं शील

सिडनीतल्या ब्लॅकटाउन स्टेशनवर ट्रेनमधून उतरले की अजूनही मी आधी गेटच्या पलीकडे बघते. दादा तिथे उभा असायचा. हातात गरम चिप्सची कागदी पिशवी, त्यातल्या अर्ध्या त्याने आधीच संपवलेल्या, आणि वर मलाच विचारायचा, "एवढा उशीर? मी उपाशी आहे." आमची सोबत जेमतेम आठ महिन्यांची. नंतरची कितीतरी वर्षं मला नीट आठवतसुद्धा नाहीत, ते आठ महिने मात्र अजून छळतात.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, शाळेत असतानाच मावशी-काकांबरोबर सिडनीला आलेला. मी पुण्याहून मास्टर्स करायला आले ती वर्षं विद्यार्थ्यांच्या लाटेची होती. विमानं भरभरून आमच्यासारखे उतरायचे, दोन खोल्यांत आठ जण राहायचे आणि सगळ्यांचा जप एकच, पी.आर., म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना, कधी मिळणार. मी सिडनीतच केलीव्हिलला मावशीच्या घरी उतरले तेव्हा दादा घरात नव्हता. त्याची पाठ दुखते, तो मित्राकडे राहतो, असं मावशीने सांगितलं. पाठीचं खरं होतं. गोदामात काम करताना ती दुखावली होती. पण दुखण्याच्या गोळ्या सुटल्या नाहीत, गोळ्यांवरून तो आइस नावाच्या जहाल नशेवर गेला आणि शेवटी एका केमिस्टच्या दुकानाची मागची काच फोडताना पकडला गेला. तो तुरुंगात होता.

वकिलाने त्याची केस ड्रग कोर्टात नेली. नशेपायी गुन्हा केलेल्यांसाठी हे वेगळं कोर्ट. शिक्षा सुनावायची, पण ती बाजूला ठेवायची आणि माणसाने बाहेर राहून उपचार घ्यायचे. आठवड्यातून तीनदा लघवीची तपासणी, समुपदेशन, ठरल्या दिवशी न्यायाधीशांपुढे हजेरी. सगळं नीट पार पडलं तर सुटका, नाहीतर राहिलेली शिक्षा भोगायला आत. त्यासाठी राहायला एक नीटनेटकं घर लागायचं आणि काकांनी तर दार बंद केलं होतं. मावशी मला ओट्याजवळ ओढून म्हणाली, "तू राहशील का गं त्याच्याबरोबर? तुझं ऐकेल तो." माझं आजवर कोणीही ऐकलेलं नाही. पण मी हो म्हटलं आणि ब्लॅकटाउनला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला.

पहिल्यांदा त्याच्याबरोबर कोर्टात गेले तेव्हा मी घाबरून पांढरीफटक पडले होते. न्यायाधीश एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी आधी त्याच्या पाठीची चौकशी केली, मग कागद बघून म्हणाल्या की सगळ्या तपासण्या स्वच्छ आहेत. आणि कोर्टात टाळ्या वाजल्या. सरकारी वकिलानेसुद्धा वाजवल्या. आमच्या घरात दादासाठी कोणी कधी टाळी वाजवली नव्हती. मी इतक्या जोरात वाजवल्या की शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली.

सकाळी आम्ही दोघं बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हणायचो. पाचव्या शीलाला, नशा न करण्याच्या, मी मुद्दाम आवाज चढवायचे. तो डोळे मिटूनच म्हणायचा, "ऐकू आलं बाई, बहिरा नाहीये." चौथं शील, खोटं न बोलण्याचं, मी रोज भराभर उरकायचे. त्याची गरज आहे असं मला कधी वाटलंच नाही.

सातवा महिना सरता सरता तो घसरला. गोदामातला जुना मित्र भेटला होता. बुधवारी सकाळी चहा टाकत होते, तर तो मागच्या पायरीवर बसलेला. म्हणाला, "काल घेतलं मी. आंघोळ करतो आणि टेस्टला जाऊन सरळ सांगतो." कोर्टाचा नियम त्याने मला कितीदा समजावला होता. घेतलं आणि कबूल केलं, तर थोडक्यात निभावतं. लपवलं तर मात्र खैर नाही. मी तो ऐकला होता, पण माझ्या डोक्यात शिरला नव्हता.

तो आंघोळीला गेला आणि फोन वाजला. त्याची केस बघणारी बाई होती. आज अजून आला नाही, ठीक आहे ना, एवढंच तिने विचारलं. माझ्या तोंडातून तुपासारखं खोटं ओघळलं. "ताप आहे त्याला. उलट्या होतायत. झोपलाय." आमच्या घरात माया म्हणजे हेच. झाकली मूठ सव्वा लाखाची. मावशीने दहा वर्षं त्याच्यावर पांघरूण घातलं, आईने मावशीवर घातलं, आता पाळी माझी होती. डोकं पुसत तो बाहेर आला तेव्हा मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "मी सांभाळलं."

"काय सांगितलंस?"

मी सांगितलं. तो टॉवेल हातात धरून खुर्चीत बसला. "आता टेस्टला गेलो तर तू खोटी पडशील," एवढंच म्हणाला, आणि गेला नाही.

शुक्रवारी तपासणीत सगळं उघड झालं. न्यायाधीश बाईंनी विचारलं, "बुधवारी काय झालं होतं?" मी मागच्या बाकावर होते. त्याने एकदा वळून माझ्याकडे बघितलं. "ताप होता." बाईंनी चष्मा काढला. "मी पुन्हा विचारते. सावकाश विचार करून सांग." तेव्हाही तो बोलू शकला असता. मी उठून उभी राहू शकले असते. मी पर्सची चेन उघडत आणि लावत बसले. तो तेच म्हणाला, ताप होता. माझी लाज राखायला दोन आठवडे आत गेला. बाजूच्या दारातून नेताना घराची किल्ली माझ्या हातात देत म्हणाला, "दूध संपलंय, जाताना घेऊन जा."

दुसऱ्याच दिवशी मी केस बघणाऱ्या बाईला फोन करून सगळं कबूल केलं. ती रागावली नाही. घरचे बहुतेक असंच करतात, म्हणाली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

दोन आठवड्यांनी तो पुन्हा कोर्टापुढे उभा राहिला आणि स्वतःहून बोलला. "माझ्या बहिणीचा माझ्यावर फार जीव आहे. तिच्याजवळ मला खोटं बोलणं सोपं जातं. मला दुसरीकडे राहू द्या." त्याच्या खरेपणासाठी टाळ्या वाजल्या. मी नाही वाजवल्या. त्याचे शर्ट मीच घडी करून बॅगेत भरले, आणि तो नशामुक्त होणाऱ्यांच्या एका घरात राहायला गेला.

पुढे त्याने सगळे टप्पे पार केले, केस संपली. दूर उत्तरेकडच्या डार्विन शहरात एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये नोकरी लागली आणि तो तिकडेच राहिला. दर रविवारी फोन करतो. कसा आहेस विचारलं की खरंच कसा आहे ते सांगतो. कधी म्हणतो, आठवडा वाईट गेला, दोनदा नशामुक्तीच्या मीटिंगला जाऊन बसलो. मला त्याचा अभिमान वाटतो आणि तरी तो जुना, थापाड्या, चिप्स खाऊन टाकणारा दादा हवाहवासा वाटतो. हे मी कोणाला सांगत नाही.

गेल्या रविवारी मी विचारलं, "जयंतीला येशील ना?" पूर्वीचा दादा म्हणाला असता, "येतो गं, नक्की," आणि आला नसता. त्या एका 'येतो'वर मी महिनाभर खुशीत राहिले असते. हा सरळ बोलला.

"नाही येणार. तिकडे आलो तर मी टिकणार नाही. तुझी खूप आठवण येते, पण नाही."

"नो वरीज," मी म्हटलं. "मला काही वाटलं नाही."

"खरं सांग."

मग मी सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला, आणि तो फोन न ठेवता ऐकत राहिला.