बाथरूमची कडी

ऑपरेशननंतर नवऱ्याला घरी आणलं, त्याच दुपारी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बाथरूमची आतली कडी काढून टाकली. मेंदूतली गाठ काढली होती. फिट येऊ नये म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळी सुरू होती. तरी आलीच, आणि दार आतून बंद असलं तर? गाडी चालवायची नाही, मेट्रोच्या फलाटावर कडेला उभं राहायचं नाही, ही माझ्या यादीतली पुढची कलमं.

फिट एकदाही आली नाही. पण गोळीमुळे ते दिवसभर पेंगायचे आणि जागे असले की चिडायचे. तपासणीच्या वेळी डॉक्टर म्हणाले, "अब दवा धीरे-धीरे बंद करेंगे। बंद होने के बाद भी कुछ हफ़्ते सावधानी रखिए।" यांनी पहिलं वाक्य ऐकलं, मी दुसरं.

गोळी पूर्ण थांबली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी पोळ्या लाटत होते. खट्‌ असा बाथरूममधून आवाज आला. आदल्या संध्याकाळी मी भाजीला गेले होते, तेव्हा यांनी कडी परत बसवली असणार.

"अहो, कडी काढा!"

"आंघोळ तरी एकट्याने करू दे, यार!"

"मग बोलत राहा."

"काय बोलू? बादली भरली. तांब्या घेतला. आता साबण. बस?"

पाण्याचा आवाज आला. मग तोही थांबला.

"अहो?"

मी दारावर थापा मारल्या, धावत जाऊन स्क्रूड्रायव्हर आणला आणि दारापाशी येऊन थबकले. स्क्रू सगळे आतल्या बाजूला होते.

"अहो!"

कडी सरकली. फेसाने माखलेला चेहरा बाहेर आला.

"तोंडावर साबण होता, बोलणार कसा? आणि हे काय, बाहेरून काय उघडणार होतीस?"

ते हसले, पण माझा हात पाहून थांबले. स्क्रूड्रायव्हर मी उलटा, टोकाकडून धरला होता. तो त्यांनी काढून घेतला आणि टॉवेल गुंडाळून, निथळत उभ्याउभ्याच कडी काढली.

"डॉक्टर हो म्हणेपर्यंत. पण तूही दाराशी उभं राहायचं नाही."

"बिल्कुल नाही."

दुसऱ्या सकाळी दार नुसतं लोटलेलं होतं. मी ठरल्याप्रमाणे स्वयंपाकघरात राहिले. फक्त कुकर लावला नाही. त्याच्या शिट्टीत तांब्याचा आवाज ऐकू आला नसता.