पोच आली का?

कार्बन पेपर दोन बोटांत धरायचा, खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर बघायचा, त्यातून अजून चार पत्रं निघतील अशी खात्री झाली की त्यावर हलकी फुंकर मारायची, आणि मग आमच्याकडे वळून मोठ्यानं विचारायचं, "पोच आली का?" आमच्या टायपिंगच्या बाईंचा दर रविवार असा सुरू व्हायचा.

पोच आलेली नसायची. तीन वर्षांत एकदाही आली नाही. तरी बाई अशा विचारायच्या, की मागच्या आठवड्यात आली होती आणि या आठवड्यात का नाही याचंच नवल वाटावं.

बाईंचा टायपिंग क्लास भिवंडीच्या टेमघरला होता, एका लूमच्या कारखान्याला लागून. भिंतीपलीकडे चोवीस लूम आणि अलीकडे सहा टाइपरायटर. त्या खटखटीत पोरांना शिकवायचं म्हणजे ओरडावंच लागे. वर्षानुवर्षं ओरडून बाईंचा आवाज कायमचा त्या वरच्या पट्टीत गेला होता. शुक्रवारी लूम बंद असले, की बाईंनी साधं "बसा" म्हटलं तरी माणूस दचकून उठायचा. गुपित म्हणून त्यांना काही सांगता येत नसे. त्या ते तशाच आवाजात परत विचारायच्या.

या क्लासमध्ये रविवारी सकाळी आमची मंडळी जमायची. मंडळी म्हणजे चौघं. बाई, दिघाशीचे एक गुरुजी, लूमवर जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम चालू करून देणारे, एक चाचा, आणि मी. मी तेव्हा भिवंडीतल्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघत होतो. आमचं काम सांगितलं तर तुम्ही हसाल. त्या वेळी सगळेच हसत. जगात कुठे कुठे माणसांना नुसत्या बोलण्यावरून तुरुंगात टाकतात. युरोपातल्या एका संस्थेकडून अशा एका माणसाचं नाव आमच्याकडे आलं होतं. दूरच्या एका थंड देशातला छापखान्यातला कामगार. त्याला सोडावं, निदान त्याला वकील द्यावा, अशी विनंती करणारी पत्रं आम्ही त्या देशाच्या मंत्र्याला, तुरुंगाधिकाऱ्याला, कोणाकोणाला लिहायचो. माणसाचं नाव आम्हाला उच्चारता येत नसे. चाचा त्याला "अपना भाई" म्हणायचे.

आता भिवंडीतल्या चार माणसांनी त्या देशाच्या मंत्र्याला लिहून काय होणार, हे मी बाईंना एकदा विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "सत्तर सालच्या दंगलीत गावात जे झालं ना भाऊसाहेब, त्या आठवड्यात मी दार लावून बसले होते. तेव्हा मला सारखं वाटायचं, कुणीतरी लांबून एक कार्ड टाकावं. ओळख नको, पाळख नको. नुसतं, कशा आहात?" एवढं बोलून त्यांनी मशीनला कागद लावला. त्यांच्या तोंडून त्या आठवड्याबद्दल मी ऐकलेलं तेवढंच.

मला मंडळीत घेतलं ते माझ्या कचेरीतल्या इंग्रजीसाठी. "सविनय विनंती करण्यात येते की" याचं इंग्रजी माझ्याइतकं चांगलं कोणाला येत नव्हतं. मसुदा माझा, टायपिंग बाईंचं, पाकिटं गुरुजींची, तिकिटं चाचांची. चाचा तिकीट इतकं सरळ लावायचे, की फूटपट्टी धरून बघावं.

"बाई, ये साब लोग जवाब क्यों नहीं देते?" चाचा दर महिन्याला विचारत.

"साहेब आजारी असतील," बाई सांगत. कधी साहेब रजेवर असत, कधी त्यांची बदली झालेली असे. परमुलखातल्या त्या मंत्र्याची बाईंनी जेवढी बाजू घेतली तेवढी त्याच्या बायकोनंही घेतली नसेल.

मी मात्र चिडायचो. "उत्तर नका देऊ," मी म्हणायचो, "पण पोच द्यायला काय जातं? दोन ओळींचं काम. आपलं पत्र मिळालं. खाली सही. मी दिवसाला पन्नास देतो. जो माणूस पोचसुद्धा देत नाही, त्याची लाज गेली म्हणून समजा." हे वाक्य मी बऱ्याच वेळा आणि बऱ्याच ऐटीत बोललो होतो. बाई ऐकून घ्यायच्या आणि नवा कागद लावायच्या.

संस्थेचे दोन नियम होते. एक, भाषा नम्र हवी. दुसरा, आपल्या देशातल्या कैद्याबद्दल आपण लिहायचं नाही, ते काम दुसऱ्या देशातली मंडळी करतील. नियम म्हटला की बाईंना तो पाळलाच पाहिजे. दर महिन्याला एक छापील अहवाल पाठवावा लागे. त्यात किती पत्रं लिहिली, किती उत्तरं आली, असे रकाने होते. शेवटचा रकाना होता, गैरहजर सभासद व कारण. कोणी भरत नसेल तो. बाई भरायच्या. "चाचा, ताप." "भाऊसाहेब, मेहुणीचं लग्न." आणि जवळजवळ दर महिन्याला, "गुरुजी, दिघाशीची एस.टी. आली नाही." हे सगळं इंग्रजीत टाइप होऊन विमानानं युरोपला जायचं. मी म्हणालो, "बाई, तिथल्या लोकांना दिघाशीच्या एस.टी.चं काय करायचंय?"

"रकाना होता, भरला," बाई म्हणाल्या.

मग आणीबाणी आली. गुरुजी शिक्षकांच्या कुठल्याशा सभेत चार शब्द बोलले होते. पंधरा दिवसांनी त्यांना शाळेतून उचललं. कुठे नेलं ते कोणी सांगेना. त्यांची बायको दिघाशीहून क्लासवर आली, उंबऱ्यातच बसली.

"बाई, मास्तर कुठं हायेत? कोनी काय बोलत न्हाय. दम्याच्या गोल्या घरीच रायल्या. रातचं त्यांना बसून काढावं लागतं."

बाई तिच्या शेजारी खाली बसल्या आणि ओरडून म्हणाल्या, "मी बघते!" चाचा लगबगीनं दार लावायला उठले. "आहिस्ता, बाई, आहिस्ता." पण आहिस्ता बोलणं बाईंना जमत असतं तर काय हवं होतं.

त्या रविवारी आम्ही तिघंच होतो. गुरुजींसाठी काय करायचं, हा एकच विषय. आणि मीच, बरं का, मीच म्हणालो, "बाई, नियम आहे. आपल्या माणसाबद्दल आपल्याला लिहिता येत नाही." नियम खरा होता. पण मी तो नियमासाठी काढला नव्हता. माझी नोकरी होती, दोन मुलं होती, आणि कचेरीत कोण कोणाशी बोलतो यावर डोळे होते. बाई म्हणाल्या, "बरोबर आहे. नियम आहे." मला हायसं वाटलं. त्याचं वाईट वाटायला पुढे बरेच दिवस लागले.

त्यांनी महिन्याचा अहवाल काढला आणि टाइप करायला घेतला. मी लक्ष दिलं नाही.

तीन-एक महिन्यांनी कचेरीच्या टपालात एक निळं हवाई पत्र आलं. परदेशी तिकीट. आमच्या कचेरीला परदेशी पत्र म्हणजे शिपायापासून सगळे बघायला उठले. मी उघडलं. कुणी एक निवृत्त नर्सबाई होत्या. सुरुवातीला "महोदय", मग तब्येतीची चौकशी, आणि मग अत्यंत नम्र भाषेत लिहिलं होतं, की आपल्या भागातले एक शिक्षक खटल्याशिवाय अटकेत असल्याचं समजतं. त्यांना दम्याची औषधं मिळतात का, हे कृपया बघावं. पुढे होतं, "मला त्यांच्याबद्दल एवढंच माहीत आहे, की ते शिक्षक आहेत आणि त्यांच्या गावची बस बहुतेक वेळा येत नाही." शेवटी, या पत्राची पोच मिळाल्यास आभारी राहीन.

भाषा आमचीच होती. मसुदा जणू मीच केला होता. फक्त या वेळी टेबलाच्या पलीकडे मी बसलो होतो.

मी ते आवक रजिस्टरला लावलं, शिक्का मारला, साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं. "यांना बस कशी माहीत?" एवढंच ते बोलले. मग म्हणाले, "फायलीला लावा. उत्तर नको, पोच नको. आणि बाहेर बोलू नका." त्या महिन्यात अशी नऊ पत्रं आली. नऊही मी फायलीला लावली. जावक रजिस्टरात त्यांच्यासमोर काही नव्हतं.

मी रविवारी बाईंना सांगितलं. सांगितल्यावाचून राहवेना. आणि विचारलं, "बाई, तुम्ही अहवालात काय लिहिलं होतं?"

"गैरहजर, गुरुजी. कारण, अटकेत, खटला नाही, औषध घरी राहिलं." बाईंनी कार्बन उजेडासमोर धरला. "रकाना होता, भरला."

हे त्यांनी हेतूनं केलं, की सवयीनं? तुम्ही म्हणाल, हेतूनं, हे काय विचारणं झालं! मलाही कधी तसंच वाटतं. पण त्याच अहवालात त्यांनी "भाऊसाहेब हजर, पण उशिरा" असंही लिहिलं होतं. कपटी माणूस असलं लिहीत नाही. मी हे कोडं वर्षानुवर्षं उलटसुलट करून पाहिलं आहे. काही कळत नाही.

मग बाईंनी विचारलं, "पोच दिली का?"

लूम चालूच होते. तरी मला वाटलं, सगळ्या टेमघरनं ऐकलं. मी मान खाली घालून म्हणालो, "साहेबांनी नको म्हटलंय."

"असेल," त्या म्हणाल्या. "साहेब आजारी असतील."

त्या मला टोमणा मारत होत्या, की सांभाळून घेत होत्या, हेही मला आजतागायत उमगलेलं नाही. चेहऱ्यावर काही नव्हतं. परमुलखातल्या मंत्र्याबद्दल बोलताना असायचा तसाच चेहरा. मला मात्र तिथेच जमीन दुभंगावी असं झालं. जाताना त्यांनी त्या नर्सबाईंचा पत्ता तेवढा मागितला. पुढच्या रविवारी मी चिठ्ठीवर लिहून दिला. पत्राची तारीख आणि आमचा आवक क्रमांकही त्यांनी विचारून घेतला. त्या स्वतःच नर्सबाईंना लिहिणार असतील, असं मी धरून चाललो.

त्यानंतर बाईंनी माझ्यादेखत "पोच आली का?" कधी विचारलं नाही. कार्बन उजेडाला धरायच्या, फुंकर मारायच्या, आणि कामाला लागायच्या. कोणी शिक्षा म्हणून ठरवून दिली असती तरी इतकी लागली नसती.

आणीबाणी उठली, गुरुजी सुटले. सगळेच सुटले, तेव्हा पत्रांनी सुटले असं म्हणता येत नाही. पण पहिल्याच रविवारी, एस.टी. मिळाली म्हणून वेळेवर आलेल्या गुरुजींनी एक गंमत सांगितली.

"जेलरनं एक दिवस बोलावलं. म्हणाला, मास्तर, तुमचं विलायतेत कोण आहे? म्हटलं, साहेब, माझं ठाण्यापलीकडे कोणी नाही. म्हणाला, मग ही एवढी पत्रं कोण लिहितंय तुमच्यासाठी? आणि त्या दिवसापासून माझ्या गोळ्या वेळेवर मिळायला लागल्या हो. नाहीतर त्या हिवाळ्यात मी काही राहत नव्हतो."

चाचांनी वर बघून हात जोडल्यासारखे केले. "देखा? पढ़ते हैं. साब लोग पढ़ते हैं!" बाई चष्मा काढून पदराला पुसत बसल्या.

छापखान्यातल्या आमच्या माणसाचं काय झालं, ते कळलं नाही. बाई शेवटपर्यंत त्याच्यासाठी लिहीत होत्या. एकोणऐंशी साली पावसाळ्यानंतर चार दिवसांच्या तापानं त्या गेल्या. स्मशानातून परतल्यावर आम्ही तिघं क्लासवर गेलो तेव्हा शुक्रवार होता, लूम बंद होते. एवढी शांतता मी त्या खोलीत कधी ऐकली नव्हती. चाचा म्हणाले, "अब कौन चिल्लाएगा?" आणि लहान मुलासारखे रडायला लागले. आम्हीही रडलो.

कपाटात कचेरी प्रतींचा गठ्ठा होता, दोरीनं बांधलेला. त्याच्या तळाशी माझं नाव लिहिलेलं एक पाकीट होतं. उघडलं तर आत दोन कागद, मध्ये कार्बन तसाच. टाइप करून मशीनमधून काढलेले, पण सुटे न केलेले. इंग्रजीत दोन ओळी. आपलं अमुक तारखेचं पत्र, आवक क्रमांक अमुक, या कचेरीस मिळालं. वर त्या नर्सबाईंचा पत्ता. खाली सहीची जागा मोकळी, आणि तिच्याखाली माझा हुद्दा.

त्यांनी ते तेव्हाच टाइप करून ठेवलं होतं. मला दिलं मात्र नाही. दिलं असतं तर मला हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं. तीन वर्षं ते पाकीट माझ्यापासून चार हातांवर होतं, दर रविवारी.

सोमवारी मी कचेरीत गेलो. कागद टेबलावर ठेवला आणि बाईंनी शिकवलं होतं तशी दाबून सही केली. कार्बन उचलला तेव्हा खालच्या प्रतीवर माझी सही उमटलेली होती. शिक्का मारला, जावक रजिस्टरात ओळ लिहिली, क्रमांक दिला, आणि पाकिटावर तिकीट लावलं, जमेल तितकं सरळ. नर्सबाई जिवंत असतील की नसतील, मला माहीत नव्हतं. इतक्या उशिरा अशी पोच वाचून त्यांना काय वाटेल, तेही नाही.

आठवड्यानं नव्या साहेबांनी रजिस्टर तपासायला मागवलं. त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "हे काय? तीन वर्षांपूर्वीच्या पत्राची पोच आत्ता? ती पण परदेशात? कोणी सांगितलं होतं?"

मी उभा राहिलो. सांगण्यासारखं पुष्कळ होतं आणि त्यातलं मलाच धड समजलेलं काही नव्हतं. तोंडातून आवाज निघाला तो इतका मोठा, की शिपाईसुद्धा दारात आला.

"रकाना होता साहेब, भरला."