काकांची टाकी आणि माझं रसायनशास्त्र

मी कळंबच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचल्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

माझ्या काकांची एक जुनी मोटारसायकल आहे. तरुणपणी ते पुण्याला कारखान्यात होते आणि रविवारी चिखलातल्या शर्यतीत गाडी उडवायचे. तीच ही गाडी. उंच, हाडकुळी, पुढचं मडगार्ड पार वर, आणि पेट्रोलची टाकी लोखंडाची नाही, फायबरची. वजन कमी भरावं म्हणून. गावी परतताना काकांनी ती सोबत आणली आणि पुढं कित्येक वर्षं ती गोठ्याच्या कोपऱ्यात कडब्याआड पडून राहिली. यंदा काकांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन लातूरला ठरलं. तारीख मिळाली त्या दिवशी ते मला म्हणाले, "गुडघे बदलायच्या आदी एकदा किक मारायचीय मला. माझ्या सोताच्या गुडघ्यानं. मंग डॉक्टरला काय करायचं ते करू दे."

मागणं एवढंच होतं. मी त्याचा प्रकल्प केला.

इंजिन गावातल्या मेकॅनिकनं दोन दिवसांत साफ करून दिलं. "चालू होतंय, टाकीचं तेवढं बघा," म्हणाला. टाकीला खालच्या बाजूनं बोटभर चीर होती आणि रंगाचे पोपडे निघाले होते. असल्या गाडीवर काकांना बसवायचं म्हणजे माझ्यासारख्या शिकलेल्या पुतण्याची शोभाच. मी म्हणालो, "काका, टाकी नव्यासारखी करतो, मग बसा थाटात." काकांनी फडक्यानं किकची दांडी पुसून ठेवली. हातात दीड महिना होता.

पहिल्या रविवारी बनियनवर बसून टाकी घासली. फायबर घासलं की काचेची बारीक कुसळं उडतात, ती अंगात रुततात. तीन दिवस मी वर्गात फळ्याच्या चौकटीला पाठ घासत शिकवलं. पोरं म्हणे पैजा लावत होती की सर आज किती वेळा खाजवतील.

दुसऱ्या रविवारी चीर बुजवायचं चिकट रेझिन कालवलं. त्यात ते घट्ट करणारा हार्डनर मोजून, थेंबाथेंबानं घालायचा असतो. प्रमाण चुकलं तर अभिक्रिया हाताबाहेर जाते, हे वाक्य मी दर वर्षी पोरांना लिहून देतो. रेझिनच्या दुकानदारानं चिठ्ठीवर लिहिलेलं प्रमाण मात्र मला पोरकट वाटलं. आम्ही काय शिकलेले नाही? अंदाजानं ओतला. डब्यातनं धूर निघाला, डबा हातात धरवेना, आणि पाच मिनिटांत रेझिन, ब्रश आणि बायकोचा दह्याचा डबा असे तिघं कायमचे एकजीव झाले. ब्रश मधोमध उभा असलेला तो डबा बायकोनं खिडकीत ठेवलाय. आल्यागेल्याला दाखवते, "हे सरांचं प्रॅक्टिकल."

पण तिसऱ्यांदा जमलं. चीर बुजली, वरनं लालभडक रंग दिला. टाकी अशी चकाकली की मी तिचे अकरा फोटो काढले. काका काठी टेकत आले, टाकीकडं न बघता किकच्या दांडीकडं बघून म्हणाले, "मारू का?" मी म्हणालो, "थांबा हो काका. पेट्रोल भरून चार दिवस ठेवू, गळती बघू. शास्त्र असतं त्याला."

पाचव्या दिवशी टाकीवर फोड आले होते. लाल रंग सुरकुतला होता, बुजवलेली चीर पुन्हा उघडली होती आणि आत बोट घातलं तर काकवीसारखं चिकट. मी दुकानदाराला फोनवर झापलं. तेवढ्यानं भागेना म्हणून पंपावर जाऊन भेसळीचा आरोप करून आलो. मग टाकी घेऊन बसस्टँडामागं एका कारागिराकडं गेलो आणि दोघांनाही शिव्या देत सगळं सांगितलं. तो लग्नाच्या मंडपातले फायबरचे हत्ती करतो. एका बिनसोंडेच्या हत्तीवर टाकी ठेवून त्यानं आतला चिकटा दोन बोटांत ताणून बघितला.

"सर, टाकीच जुन्या जातीच्या रेझिनची हाय. नुसत्या पेट्रोलनं असं न्हाय व्हत. आता पेट्रोलात काय घालतेत?"

"इथेनॉल," मी म्हणालो आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

"ते कशापासून करतेत?"

"उसापासून."

"तुमचा ऊस हाय का?"

"आहे. दोन एकर."

"मंग कुणाला शिव्या द्यायलाव?"

गेल्या स्वातंत्र्यदिनाला मी कॉलेजात अर्धा तास भाषण ठोकलं होतं, की आपला शेतकरी आता देशाच्या गाड्या चालवतो. टाळ्या पडल्या होत्या. आपल्याच गाडीची टाकी तो विरघळवतो, हे भाषणात राहून गेलं. पंपावरच्या माणसासमोर जायची आता मला लाज वाटायला लागली.

कारागीर म्हणाला, आतलं सगळं खरवडून इथेनॉलला दाद न देणारं रेझिन लावू, पण पक्कं व्हायला आठ दिवस. तो गुरुवार होता. काकांना सोमवारी लातूरला न्यायचं होतं.

शनिवारी सकाळी काकांपुढं उभा राहून मी दहा मिनिटं कारणं दिली. रेणूंपर्यंत गेलो.

"झालं तुझं?" काका उठले आणि काठी टेकत गोठ्यात गेले. मागं म्हशीला लावलेली सलाईनची रिकामी बाटली नळीसकट खुंटीला लटकत होती, ती घेऊन आले. "तुझ्या गाडीतलं पेट्रोल काढ." या जुन्या गाडीला पेट्रोलातच ऑईल मिसळावं लागतं, ते त्यांनी नजरेच्या मापानं घातलं, पेट्रोल बाटलीत भरलं, बाटली हँडलला उलटी बांधली आणि नळी कार्बोरेटरला जोडली. "शर्यतीत टाकी फुटली की आमी असंच करायचो."

"काका, हे दीड महिन्याआधी का नाही बोललात?"

"तुला टाकी करायची हुती," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

तिसऱ्या किकला गाडी पेटली. काका बिनटाकीच्या, नुसत्या सांगाड्याच्या गाडीवर बसून, निळा धूर सोडत शेताच्या वाटेनं गेले. आवाज लांब गेला आणि बंद पडला. मी चपला सोडून पळत सुटलो. काका माझ्या उसाच्या कडेला, गाडीवरच पाय टेकून बसले होते. बाटली संपली होती.

त्यांना चालवणार नव्हतं. मग ते बसले आणि मी मागनं ढकलायला लागलो. किलोमीटरभर. धापा टाकताना मला पुढनं आवाज ऐकू आला. इंजिन बंद होतं, काका तोंडानं काढत होते. चढ आला की आवाज जड व्हायचा, गियर बदलला की बारीक. एकदाही मागं वळून बघितलं नाही त्यांनी.

ऑपरेशन चांगलं झालं. टाकी आता पक्की आहे, गळत नाही, पुन्हा अकरा फोटो काढलेत. किक मारायला डॉक्टरांनी कायमची मनाई केलीय. काका येतात, नव्या गुडघ्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारतात, चकाकणाऱ्या टाकीवर हात ठेवतात आणि मला विचारतात, "बाटली कुठाय?"